विळीवरून पाहिलेला मासा

खाजाभाईच्या रंध्याखालून उरलेला पांगारा
जिंतूरच्या बाजारातून पिशवीत आला,
वर मेथीची जुडी.
हलकंय, लिंबाजी म्हणाला, तरंगतंय.
हलकं लाकूड लवकर जळतं, मी म्हणाले.
त्यानं पिशवी उचलून माझ्यापासून लांब ठेवली.

भावाला येलदरीच्या पाण्यात मरळ धरायची होती,
जाळ्यानं नाही. जाळ्यानं आमचा आजाही धरायचा.
याला ती झेपावताना पाहायची होती.

तीन दिवस कोयता, मग चाकू, मग पॉलिश पेपर.
सायकलच्या स्पोकची तार अंगातून आरपार,
डालड्याच्या डब्याची जीभ हनुवटीखाली,
पोटाला भोक, भोकात शिसं,
पंक्चरवाल्या रऊफकडचं, कुठल्या तरी चाकाचं.
पहिला मासा रांजणात सोडला,
तो कुशीवर झाला, जेवलेल्या पाहुण्यासारखा.
दुसरा डोकं खाली करून उभाच.
तिसरा तासताना जरा वाकडा गेला होता;
ओढला तसा तोच शेपूट हलवायला लागला.
"वाकडाय म्हणून हलतोय,"
लिंबाजी दिवसभर तेच म्हणत राहिला.

मग त्यानं एसटीच्या पाटीचा उरलेला पिवळा आणला
आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पट्टा ओढला.
कामून असा रंगवायलास?
मासा हाय का डेपोची गाडी?

तू मासा वरून पाहिलास, लिंबाजी.
काळी पाठ, थोडी सावली, एक लाट.
मी विळीवर पाहिलाय, सहा वर्षांची होते तेव्हापासून,
शेपटीकडून डोक्याकडं, उलटा.
खवला कुठं ढिला, कुठं घट्ट.
पोटाचा पांढरा पांढरा नसतोच,
त्यात दुधावरच्या सायीचा पिवळा असतो.
आणि कल्ल्यामागं बोटाएवढी जागा
मेल्यावरही थोडा वेळ लाल राहते.
आण इकडं.

कांद्याच्या पोत्याची जाळी अंगावर ताणून बांधली,
स्पंजच्या तुकड्यानं हिरवा, वर चंदेरी, ठिपत ठिपत.
वाळू दिला. जाळी सोडली.
खवले.
लिंबाजीची बिडी हातातच विझली.

डोळा शेवटी. काडीच्या टोकानं काळा,
भोवती माझी नेलपॉलिश,
जत्रेतली, दहा रुपयांची,
जी मी दोनच बोटांना लावून ठेवून दिली होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी
त्यानं तो बेशरमाच्या झुडपांपाशी टाकला.
तिसऱ्या ओढीला पाणी फुटलं, म्हणे,
कुणी आतून दार लाथाडावं तसं.

रात्री मी चिरली.
पोट रिकामं. आतडं कोरं,
कैक दिवसांचं.
"एवढी भुकेली होती?" लिंबाजी म्हणाला.
मला ठाऊक होतं. आईनं सांगितलेलं, विळीवर बसूनच:
पिलं राखणारी मरळ खात नाही,
जवळ येईल त्याला मारते.

तिथं पाण्यावर तांबडं काही होतं का रे?
कुंकू सांडल्यासारखं, हलणारं?
तो मोरीत बराच वेळ हात धूत राहिला.
"होतं," म्हणाला.

म्हणजे माझे खवले इतके खरे होते
की तिला वाटलं, पिलं खायला कुणी आलंय.
ही शाबासकी मी कुणाला सांगू?

कालवण चांगलं झालं. खोटं कशाला बोलू.
लिंबाजीनं दोनदा मागून घेतलं
आणि तिसऱ्यांदा नको म्हणाला.

लाकडी मासा आता चुलीवरच्या खिळ्याला टांगलाय.
गळ मी काढून ठेवलेत, कुठं ते सांगत नाही.
शेपटीजवळ दातांची ओळ, रंग उडून पांगारा दिसतोय,
एक डोळा पुसला गेलाय.
रंगव की, लिंबाजी म्हणतो, दर दोन दिवसांनी.
दिवाळी होऊ दे, मी म्हणते,
पिलांना स्वतःचं स्वतः पळता येऊ दे.

बाटली हलवून पाहिली आज.
तळाला आहे थोडी.
एका डोळ्यापुरती.